स्टेशनपर्यंतचा व्यायाम

वजन उतरवायचंय, पण सकाळी उठवत नाही? काळजी सोडा. मुंबईत राहता म्हणजे व्यायाम होतोच आहे, फक्त तो मोबाइलवर चढवायला शिका.

कॅलरी मोजायचं ॲप आधी विचारतं, दिवसभरात हालचाल किती? नऊ तास खुर्चीत बसत असलात तरी 'बैठं काम' हा अपमान सोसू नका. लोकलनं जाता ना? मग 'मध्यम हालचाल'. पडल्या पडल्या जळणाऱ्या कॅलरींना बैठ्या माणसासाठी १.२ नं गुणतात, मध्यमवाल्यासाठी १.५५ नं. नुसतं पडून राहिल्यावर तुमचं शरीर १६०० कॅलरी जाळत असेल, तर एका टिचकीत रोज खायला ५६० वाढून मिळाल्या. बोटाखेरीज काही हललं नाही.

आता त्याच ॲपला मनगटावरचं घड्याळ जोडा. गुणाकारात आधीच धरलेलं स्टेशनपर्यंतचं चालणं 'व्यायाम' म्हणून पुन्हा जमा होईल. काही ॲप आगाऊपणानं वजावट करतात. ती सोय बंद करा.

लिफ्टपर्यंत चाललात? नोंदवा.

घड्याळ हातात असतं, पायात नव्हे. भाजीवालीशी हातवारे करून घासाघीस केलीत तरी चार पावलं पदरात पडतील. २०१७ साली स्टॅनफर्डवाल्यांनी अशी सात यंत्रं तपासली, तर कॅलरींच्या बाबतीत त्यातलं सगळ्यात बरं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकत होतं. तुम्ही मनावर घेऊ नका. चूक आपल्या बाजूची असली की तिला चूक म्हणत नाहीत.

दहा हजारांवर मात्र तडजोड नाही. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच हा आकडा होता. बस्स, तेव्हापासून वेदवाक्य. आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांचा आदर्श ठेवा. परवा गुरुवारी आम्ही दोघं दादरला, मध्य रेल्वेच्या फलाटावर. घड्याळात ९,६४० पावलं. साहेब उभे राहीनात. "चल रे, एक चक्कर मारू." मारली. गर्दीत बॅगा चुकवत, दोन ठिकाणी शिव्या खात, पार फलाटाच्या कल्याणकडच्या टोकापर्यंत. तेवढ्यात गाडी लागली. समोर लेडीज डबा! मागं पळेपर्यंत आमची नेहमीची बदलापूर फास्ट गेली. मी हताश, आणि यांच्या मनगटावर फटाके फुटतायत, दहा हजार पूर्ण! त्या आनंदात त्यांनी दोन वडापाव खाल्ले. ॲपमध्ये एकच लिहिला, "दुसऱ्यात बटाटा कमी होता" म्हणून. पैसे मी दिले, त्यांच्याकडे सुट्टे नव्हते. पुढच्या गाडीत मी डोंबिवलीपर्यंत एका पायावर. त्याच्या कॅलरी कुठल्या रकान्यात भरायच्या?

अहो, सत्तर किलोचा माणूस तासभर बऱ्यापैकी चालला तर २४५ कॅलरी जातात, त्यातल्या सत्तर नुसतं बसूनही गेल्याच असत्या. एक वडापाव तीनशेच्या घरात. घर ते स्टेशन दहा मिनिटं म्हणजे वरकड तीस कॅलरी. एक ग्लुकोज बिस्कीट, चहात बुडवायच्या आधी संपलं. आणि चालता तरी कुठे? संध्याकाळी दादरच्या पुलावर आपण चालत नाही, मागचे ढकलतात.

अरे साहेबा, वीस वर्षं तू हेच स्टेशन, हाच पूल, हेच जिने करतोयस ना? मग हे पोट कधी सुटलं? हेच चालणं चालताना सुटलं! त्याच चालण्याला आता व्यायाम म्हणून पोट कसं आत जाईल? साखरेचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं रोज अर्धा तास चाल. शिवाजी पार्क ऑफिसपासून चालत जाण्यासारखं आहे. कट्ट्याला एक तरी फेरी मारलीस का? कट्ट्यावर बसून भेळ खाल्लीस, तीही नोंदवली नाहीस. फसवतोयस कोणाला, घड्याळाला? त्याला कुठे मधुमेह आहे?

एक तर नीट चाल, नाहीतर सरळ खा आणि खाल्लं तेवढं लिही. आणि उद्या गाडी येईपर्यंत माझ्या शेजारी गप्प उभा राहा. एका जागी.