'म्हाताऱ्यांना औषधं द्या, संशोधक कशाला पोसता?' याला उत्तर

वृद्धांच्या आरोग्यसेवेवर काम करणाऱ्या तरुण संशोधकांना शिकवायचा, फेलोशिप द्यायचा विषय निघाला की एक ठरावीक म्हणणं पुढे येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ते फिरतं आणि डॉक्टर मंडळीही हौसेनं फॉरवर्ड करतात. सार असं: 'म्हाताऱ्यांना काय लागतं ते सगळ्यांना माहीत आहे, पैसा सरळ औषधांवर आणि खाटांवर घाला. संशोधन अमेरिकेत झालेलंच आहे, तेवढं उचला. एमडीला थिसिस असतोच, वेगळं काय शिकवायचं? आणि शिकून ही पोरं परदेशातच पळणार.' वाक्यागणिक टाळ्या पडतील असं आहे. गडबडही वाक्यागणिक आहे.

काय लागतं ते माहीत आहे म्हणता? पंचाहत्तरीच्या आजोबांना खुब्याच्या ऑपरेशनसाठी दाखल करतात. तिसऱ्या रात्री ते सलाइन उपटायला लागतात, मुलाला ओळखत नाहीत. घरचे म्हणतात वात झाला, वॉर्डात म्हणतात वयानं होतं. येल विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयात शॅरन इनूये आणि सहकाऱ्यांनी ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांवर काम करून १९९९ मध्ये दाखवून दिलं, की हा डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा भ्रम, बऱ्याच जणांत टाळता येतो. नेहमीच्या सेवेत तो १५ टक्क्यांना झाला, त्यांच्या पद्धतीत ९.९ टक्क्यांना. नवं औषध एकही नव्हतं. चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेवायचं, पाणी पाजायचं, चालवायचं, आज वार कोणता ते बोलण्यात आणायचं, रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध द्यायचं आणि पाठ चोळायची. यात नवीन ते काय, असं कुठलीही आजी म्हणेल. बरोबरच आहे. पण कोणी, कोणासाठी, कधी करायचं आणि त्यानं किती फरक पडतो हे मोजल्याशिवाय वॉर्डाच्या ड्यूटीत या कामांना जागा मिळत नाही.

खाटांचंही तेच. २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान योजना लागू झाली, चांगलंच झालं. पण ती भरती झाल्यावर चालते. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचं काय, रुग्णालयापर्यंत पोचूच न शकणाऱ्याचं काय, हे आधी कोणीतरी मोजायला हवं ना.

आता 'अमेरिकेतलं उचला'. स्मृतिभ्रंश ओळखायची तिकडची प्रसिद्ध चाचणी घ्या. १०० मधून सात-सात वजा करत जा, इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग उलटं सांगा, एक वाक्य लिहून दाखवा. शाळेची पायरी न चढलेली, पण बाजारात भाजीचा हिशेब चोख ठेवणारी बाई यात नापास होणार आणि कागदावर डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, रुग्ण ठरणार. म्हणून हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी १९९० च्या दशकात हिंदीत वेगळी चाचणी बांधावी लागली. नुसत्या भाषांतरानं भागलं नाही. १९९८ मध्ये सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधक गटानं तर आपलं नावच '१०/६६' ठेवलं: डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, आणि लोकसंख्येवर आधारलेलं संशोधन तिथे १० टक्केही नाही.

थिसिसचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. गाइड विषय देतात, रेसिडेंट, म्हणजे एमडी करणारा डॉक्टर, ड्यूटी सांभाळून ओपीडीतल्या पेशंटच्या माहितीचे फॉर्म भरतो आणि सबमिशन जवळ आलं की स्टॅटिस्टिशियन शोधत फिरतो. त्याचा दोष नाही. संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्सही आता पीजीला सक्तीचा आहे. पण ओपीडीत येतो तो चालू शकणारा म्हातारा, किंवा ज्याला रिक्षात घालून आणणारं कोणी आहे तो. जिना उतरू न शकणारा नमुन्यात येतच नाही, आणि सेवा त्यालाच हवी असते. त्याच्या घरी जाऊन बसा, म्हणजे पुढची पंचाईत कळते. प्रश्न आजींना विचारायचा, उत्तर सून देते. 'जेवण वेळेवर मिळतं का?' याचं उत्तर सून समोर असताना काय येणार? तिला न दुखवता बाजूला कसं करायचं, ऐकू न येणाऱ्याला खासगी प्रश्न ओरडून न विचारता कसा विचारायचा, विसर पडणाऱ्या माणसाची संमती कशी घ्यायची, हे कोणाच्या तरी हाताखालीच शिकावं लागतं.

गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या घरच्यांकडे सल्लागार पाठवून फरक पडतो का, हे तपासणारी एक चाचणी केली. ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ८१ कुटुंबं घेतली, ५९ शेवटपर्यंत राहिली, मधल्या काळात १८ रुग्ण वारले. या वयात असंच होतं. नमुना ठरवतानाच ते धरावं लागतं, आणि गेलेल्यांचं गणितात काय करायचं तेही. थिसिसच्या घाईत हे कोण शिकवतं? त्या चाचणीत घरी जाणारे सल्लागार स्थानिकच होते, आणि सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण खरोखर कमी झाला. ('आपल्याकडे घर सांभाळतं' म्हणणाऱ्यांनी त्या घराला कोण सांभाळतं तेही पाहावं.) पुढे २०१९ मध्ये गोव्यातल्याच १८१ ज्येष्ठांवरचं काम प्रसिद्ध झालं. डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी अडचणी एकेक करून सोडवायला शिकवलं, झोपेचं पाहिलं, सरकारी योजना मिळवायला मदत केली. वर्षभरात नैराश्य आलं ते चार जणांना. नेहमीची सेवा मिळालेल्या गटात तेरा जणांना.

पोरं परदेशात पळतात, हे मात्र निखालस खोटं नाही. पण कारण बघा. इथे प्रोजेक्ट संपला की नोकरी संपली. नोकरी पक्की असेल तर सकाळी ओपीडी, दुपारी लेक्चर, इन्स्पेक्शन आलं की रजिस्टरं, आणि संशोधन रात्री जेवल्यावर. अमेरिकेत वार्धक्यावर काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी 'बीसन' नावाचं अनुदान आहे. त्यात ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवावा लागतो आणि मार्गदर्शकही आधीच ठरवावे लागतात. उचलायचंच असेल तर हे उचला.

आणि सामग्री नाही असंही नाही. मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं उभी केलेली 'लासी' ही वार्धक्यावरची देशव्यापी पाहणी आहे, ४५ वर्षांवरचे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त लोकांची. तिचा डेटा संशोधकांना अर्ज केला की मिळतो. त्यातला महाराष्ट्राचा भाग घेऊन कोणत्या म्हाताऱ्यांपर्यंत सेवा पोचत नाही हे शोधायला एका तरुण माणसाला लागेल तो दोन-तीन वर्षांचा पगार, आणि मसुदा खरोखर वाचणारा गाइड.