डिस्प्ले येत नाही

गेमिंगचा पीसी स्वतः जुळवा म्हणून गळ घालणारे एक वाक्य हमखास टाकतात : 'त्यात काय आहे, चुकीच्या जागी काही बसतच नाही.' खरं आहे. अडचण एवढीच की बरोबर जागीही काही सुखासुखी बसत नाही.

प्रोसेसरच घ्या. तो मदरबोर्डावरच्या ज्या चौकोनात बसतो, त्या एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये १७१८ पिना. एक जरी वाकली तरी मदरबोर्डावर पाणी सोडायची वेळ. म्हणून आपण श्वास रोखून, देव्हाऱ्यात मूर्ती ठेवावी तसा प्रोसेसर अलगद ठेवतो. आणि लगेच माहितीपत्रक म्हणतं, आता दांडी दाबा. दांडी दबत नाही. आणखी दाबा. करकर आवाज येतो, वरचं प्लॅस्टिकचं झाकण टुणकन उडतं आणि आपल्या काळजाचं पाणी होतं. सगळं ठीक झाल्याची हीच खूण म्हणे!

रॅमच्या खाचा चार, स्टिक दोन. त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या, कारण टोकाची खाच रिकामी राहिली की सिग्नल तिथून उलटा फिरतो आणि गोंधळ घालतो. कारण पटतं. पण मग पहिली खाच दिसायला इतकी आमंत्रण देणारी का? प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी लावावी की फुलीसारखी, यावर दोन शहाण्या माणसांचं अजून एकमत झालेलं नाही. कूलर बसला की ती चेपून पसरतेच, पण हे त्यांना सांगायला जाऊ नये.

तीस सेंटिमीटरचं ग्राफिक्स कार्ड निमूट बसतं. खरा छळ करतात त्या कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या चार चिमुकल्या वायरी. सगळ्यात महागाच्या वस्तूला जाडजूड केबल आणि ऐसपैस जागा. ज्या बटणावाचून सगळं ठप्प, त्याच्यासाठी बोर्डाच्या तळाच्या कोपऱ्यात नऊ पिना, आणि त्यांची नावं मुंगीने लिहिलेली. स्विचची वायर उलटी लागली तरी चालते, दिव्याची चालत नाही. मोबाइलचा टॉर्च दातात धरून एक वायर बसवावी, तर आधी बसवलेली निघून येते.

शेवटी बटण दाबलं. पंखे फिरले, इंद्रधनुष्य उजळलं. स्क्रीन काळीकुट्ट.

डीडीआर५ रॅम पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड तिच्याशी वेळेचं गणित जुळवत बसतो; याला ट्रेनिंग म्हणतात. त्याला काही मिनिटं लागू शकतात आणि तेवढ्या वेळात तो स्क्रीनवर अवाक्षर दाखवत नाही. लाखभर रंग दाखवणारे दिवे लावले, पण स्क्रीनवर 'थांबा, काम चालू आहे' एवढं सांगायची सोय केली नाही. हे मला माहीत होतं. माहीत असून उपयोग शून्य. भाऊ मागे उभा राहून 'जळलं का रे?' विचारत होता, आणि मी 'ट्रेनिंग चालू आहे' म्हटल्यावर त्याने ज्या नजरेने पाहिलं ती वर्णन करण्यासारखी नाही.

डिस्प्ले आला. ६००० च्या वेगाची रॅम ४८०० वर धावत होती. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, एक्स्पो नावाची रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग चालू केल्यावर ताळ्यावर आली. मग गेम लावला डाउनलोडला, शंभर जीबीच्या वर, आणि जाणकार मित्राला आनंदाने फोन केला.

"मस्त!" तो म्हणाला. "आता बायोस अपडेट करून टाक. काही नाही रे, पाच मिनिटांचं काम. फक्त मध्येच वीज जाऊ देऊ नकोस."