साखळीकर, घाबरवत नाहीये, डोळे तपासा म्हणतेय

साखळीकर, डोळ्यांचे आजार आणि डिमेन्शिया (म्हातारपणी विसर पडत जाण्याचा, समज कमी होण्याचा आजार) यांच्या संबंधाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. मोतीबिंदू काय नि डिमेन्शिया काय, सगळी म्हातारपणाचीच दुखणी, एका माणसात दोन्ही दिसली म्हणून एकामुळे दुसरं झालं असं होत नाही, आणि मी उगाच म्हाताऱ्यांना घाबरवतेय, असं तुमचं म्हणणं.

एकामुळे दुसरं होतंच असं मीही म्हणत नाही. पण नुसतं वय म्हणून सोडूनही देता येत नाही. २०२१ च्या ब्रिटिश स्टडीत ५५ ते ७३ वयाची १२ हजारांवर माणसं होती, वयाचा हिशेब धरूनसुद्धा मोतीबिंदूवाल्यांत डिमेन्शियाची रिस्क ११ टक्के जास्त, रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, मधला भाग झिजतो त्यांच्यात २६ आणि डायबिटीसने डोळे बिघडलेल्यांत ६१ टक्के. काचबिंदूत मात्र एकूण डिमेन्शियाशी तसा ठळक संबंध दिसला नाही. सगळं वयावरच असतं तर तिथेही दिसायला हवा होता ना? आणि २०२३ च्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत डायबिटीसमध्ये आपला गोवा देशात पहिला, २६.४ टक्के! म्हणून त्या ६१ ची मला जास्त काळजी वाटते.

पण माझा खरा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकलाय. आमच्या नात्यातल्या एका मावशीने सकाळचा मराठी पेपर वाचणं सोडलं, भजनाला जाईना, दारात आलेल्या माणसाला ओळखेना, आणि घरच्यांनी ठरवून टाकलं की हिला आता विसर पडायला लागला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता हो! दिसतच नव्हतं तर ओळखणार कसं? मेंदूच्या तपासणीतही वाचायला, चित्र बघून काढायला सांगतात, तिथे अधू नजरेच्या माणसाचे मार्क असेच जातात. नजर खूप कमी झालेल्या काहींना तर नसलेली माणसं, फुलं, नक्षी दिसते, त्याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात, डोकं अगदी शाबूत असतं पण वेड लागलं म्हणतील या भीतीने बिचारे बोलत नाहीत.

तेव्हा घरात कोणी 'विसरायला' लागलं तर मेंदूच्या डॉक्टरकडे न्याच, पण डोळेही दाखवा, बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) दोन्ही होतं. डायबिटीस असेल तर छान दिसत असलं तरी वर्षाला एकदा थेंब घालून रेटिना बघून घ्या. आणि मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं हे जुनं झालं, रोजच्या कामात अडायला लागलं की ऑपरेशन करता येतं.