पोरं तुम्हाला काय सांगतात हो?

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एका काकांनी मला हाताला धरून बाजूला घेतलं. त्यांची मुलगी आमच्या तरुण संघात येते. आवाज खाली करून म्हणाले, "दादा, घरात आजकाल कुणाशी धड बोलत नाही ती. तुमच्याशी मात्र तासभर बोलत उभी असते. काय सांगते हो तुम्हाला?" काळजी खरी होती, चेहऱ्यावर दिसत होती. तरी मी म्हणालो, "काका, ते मी नाही सांगणार." त्यांना ते लागलं. काही न बोलता रिक्षा पकडून गेले. तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून आज सगळंच लिहितो.

मी नवी मुंबईत कोपरखैरण्यात राहतो, महापेला नोकरी करतो आणि गेली 11 वर्षं आमच्या मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचा चॅपलन आहे, मुलांचं ऐकून घेणारा, त्यांच्यासाठी प्रार्थना करणारा माणूस. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. पाळकसाहेबांची दर काही वर्षांनी बदली होते, मुलं मात्र इथेच असतात, म्हणून कमिटीने हे काम मंडळीतल्याच माणसाकडे सोपवलं. बहुतेक मुलांचे आजी-आजोबा नगर, जालना, सोलापूरकडचे. आई-वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांत, हॉस्पिटलांत, शाळांत कामाला. आई नाइट ड्युटीवर आणि वडील दुसऱ्या पाळीला, अशी कितीतरी घरं. या मुलांना बोलायला घरात माणूस असतो, पण तो जागा असेलच असं नाही.

'चॅपलन' हा शब्द कुठून आला हे मी काम घेतल्यावर शोधलं होतं. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा रोमन सैन्यातला एक शिपाई होता. कडाक्याच्या थंडीत आजच्या फ्रान्समधल्या आमियां शहराच्या वेशीत त्याला एक उघडा भिकारी दिसला. त्याने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याच्या अंगावर टाकला. पुढे हाच मार्टिन तूर शहराचा बिशप झाला. त्याच्या मरणानंतर तो झगा फ्रँक राजांनी पवित्र ठेवा म्हणून जपला. झग्याला लॅटिनमध्ये 'काप्पा' म्हणत, म्हणून तो सांभाळणारे झाले 'कापेल्लानी', आणि ठेवायची जागा 'कापेल्ला', ज्याचं पुढे चॅपेल झालं. म्हणजे मुळात चॅपलन हा पांघरूण सांभाळणारा माणूस.

आपल्या मराठीत मात्र 'पांघरूण घालणं' म्हटलं की लबाडी आठवते. कुडकुडणाऱ्याच्या अंगावर घातलेलं पांघरूण आणि गुन्ह्यावर घातलेलं पांघरूण, दोन्हींना शब्द एकच. या 11 वर्षांत मला सगळ्यात जास्त झोंबलंय ते हेच, की कुठलं कधी घालायचं. एकदा माझी फार मोठी चूक झाली.

काम घेऊन तीनच वर्षं झाली होती. रविवारची संध्याकाळची मीटिंग संपली, आमेन झालं, गिटार बॅगेत गेली, पोरं वडापावच्या गाडीवर पळाली. एक मुलगा तेवढा हॉलमध्ये मागे राहून खुर्च्या आवरत होता. लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून थप्पी लावायचा, ती उचलून दुसऱ्या भिंतीपाशी न्यायचा, पुन्हा सुट्या करायचा. मी दिवे बंद करायला गेलो तेव्हा माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाला, "दादा, दिवाळीपासून मी कॉलेजला गेलोच नाहीये."

इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, चार केट्या, म्हणजे चार विषय राहिलेले. रोज सकाळी आई डबा भरून द्यायची, हा निघायचा. खिशात लोकलचा पास. कोपरखैरणे ते पनवेल, पनवेल ते ठाणे, परत पनवेल. दुपारी नेरूळच्या प्लॅटफॉर्मवर बाकावर बसून डबा खायचा. डबा पुरा संपवायचा, कारण उरला तर आई विचारेल. संध्याकाळी कॉलेज सुटायच्या वेळेला घरी. हे चार महिने चाललं होतं आणि कुणालाही पत्ता नव्हता.

मी त्याच्यासाठी प्रार्थना केली, पाठीवर हात ठेवला. आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना फोन करून सगळं सांगून टाकलं. बापाला कळायलाच हवं, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. त्या घरात पुढे काय झालं ते त्यांचं त्यांच्यापाशी. पुढच्या रविवारी मुलगा आला, हॉलच्या दारातच थांबला आणि म्हणाला, "दादा, मी *तुम्हाला* सांगितलं होतं." तो परत कधी संघात आला नाही. चर्चलाही नाही.

चारेक वर्षांनी ठाणे स्टेशनच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवर दिसला. गळ्यात कंपनीचं आयकार्ड. "बरे आहात ना दादा?" अगदी नीट बोलला. मला माफी मागायची होती. तेवढ्यात पनवेल गाडी लागली, रेटारेटी झाली आणि तो पुढच्या डब्यात चढला.

त्याच्या वडिलांना कळायला नको होतं, असं माझं म्हणणं नाही. पण ते त्याच्या तोंडून कळायला हवं होतं, आणि तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलेला असायला हवा होतो. पुढे अनेक मुलांबरोबर मी तसा घरी गेलोय. आधी मुलाला विचारायचं, तो तयार होईपर्यंत चार रविवार लागले तर लागू द्यायचे. एका घरी आई दोन तास रडत होती. मग उठून तिने चहा टाकला, आणि पहिला कप मुलाच्या हातात दिला.

आता दुसरी बाजू. एका मंडळीतल्या शाळकरी मुलीने मोठ्या धीराने एका ताईंना सांगितलं की नात्यातलाच माणूस तिला त्रास देतो. तिथल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं की आपसात मिटवू, मंडळीची बदनामी नको. वर बायबलमधल्या पेत्राच्या पत्रातलं वचन पुढे केलं, प्रीती पापांची रास झाकून टाकते म्हणून. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते वचन एकमेकांना क्षमा करण्याविषयी आहे, लेकराचा छळ झाकण्याविषयी नाही. कायदाही स्पष्ट आहे. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे, 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला कलम 21 खाली शिक्षा होऊ शकते. यात मंडळीला सूट नाही, चॅपलनलाही नाही. त्या ताई ठाम राहिल्या, मुलीला विश्वासात घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. त्यांच्याबद्दल मला जो आदर वाटतो तो शब्दांत मावत नाही.

म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आता पहिल्याच दिवशी सांगतो: तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. फक्त तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणा लहानावर अत्याचार होत असेल, तर मी गप्प बसणार नाही. पण तेव्हाही आधी तुला सांगेन, मगच पुढे जाईन. हॉलच्या फळ्याशेजारी दोन नंबर लावलेत: मानसिक त्रासात बोलण्यासाठी सरकारी हेल्पलाइन टेलिमानस 14416 आणि मुलांच्या मदतीसाठी चाइल्डलाइन 1098. मी समुपदेशक नाही, डॉक्टर नाही, प्रार्थना हे औषधाच्या जागी द्यायचं नसतं, हेही सांगतो. कुणी जगणं नकोसं झाल्यासारखं बोलायला लागलं तर त्याच्याजवळ बसूनच तो फोन लावतो.

कमिटीत दर महिन्याला मला विचारतात, हजेरी किती? 31, 27, 34, मी आकडे देतो. पण 1844 साली लंडनमध्ये कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या 22 वर्षांच्या जॉर्ज विल्यम्सने आपल्यासारख्याच पोरांना जमवून वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना काढली, तेव्हा सुरुवातीला होते जेमतेम डझनभर जण, दुकानाच्या माडीवर. तो मेळा त्या पोरांचा होता. तरुण संघही मुलांचा आहे, आपण मोठे तिथे पाहुणे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं पद म्हणायचं की हिंदी गाणं, शिबिर कर्जतला की घरापाशीच, यात मी फारसा पडत नाही. मुलं सांभाळून घेतात. आमेननंतर खुर्च्या आवरायला कोण मागे राहतं, एवढ्यावर माझं लक्ष असतं.

त्या काकांना मी काल फोन केला. म्हटलं, काका, तुमची लेक सुखरूप आहे, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो, आणि हे तुम्हाला सांगू का, हेही तिला विचारून सांगतोय. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "येत्या रविवारी मीही थांबतो खुर्च्या उचलायला."