दोन ओळी जास्त छापलेली नोट

नमस्कार. पाकिस्तानच्या १९४८ च्या तात्पुरत्या नोटांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुम्ही कारणं सविस्तर मांडलीत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ही मुळात भारताचीच नोट, वर दोन ओळी जास्त छापल्याने ती वेगळी होत नाही, बाजारात बहुतेक माल खोटा, आणि ज्या फाळणीत लाखो घरं उठली तिच्या खुणा हौसेनं अल्बममध्ये लावणं बरं नव्हे. शेवटी तुम्ही असंही लिहिलंत की आजोबांनी कराचीहून आणलेली अशी एक दहाची नोट तुमच्या घरात आहे आणि येईल त्या भावाला ती काढून टाकायचा विचार आहे. त्या नोटेकडे मी शेवटी येतो.

छपाई भारतातली, हे अगदी खरं. नोटा नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या. चित्र सहाव्या जॉर्जचं, नाव रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाचं आणि सही तेव्हाचे गव्हर्नर आपले चिंतामणराव देशमुख यांची. (एक रुपयाची नोट बँकेची नसून सरकारची असते, म्हणून तिच्यावर अर्थखात्याच्या सचिवांची सही.) नव्या त्या दोनच ओळी: पुढच्या बाजूच्या कोऱ्या जागेत वर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’. पण नोट कुणाची, हे छापखान्यावरून ठरत नसतं. ती समोर ठेवली तर पैसे द्यायला कोण बांधील आहे, यावरून ठरतं. आणि नेमकं तेच या दोन ओळींनी बदललं.

फाळणीच्या वेळी पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती आणि नोटांचा छापखानाही नव्हता. म्हणून ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकेनंच दोन्ही देशांचं काम पाहायचं, असं ठरलं. १ एप्रिल १९४८ पासून तिकडे या दोन ओळींच्या नोटा निघू लागल्या. त्या फक्त पाकिस्तानात कायदेशीर चलन होत्या, भारतात नव्हत्या. रिझर्व्ह बँकेची मालमत्ताही दोन्हीकडे फिरणाऱ्या नोटांच्या प्रमाणात वाटायची होती. कुठली नोट कुणाच्या खात्यात धरायची हे कळल्याशिवाय तो हिशेब पुरा होणं शक्य नव्हतं. ब्रह्मदेशासाठीही ‘फक्त बर्मात कायदेशीर चलन’ असा मजकूर छापून हीच सोय केली गेली होती.

दरम्यान ५५ कोटींचं प्रकरण झालं. सरकारी शिलकीतून पाकिस्तानच्या वाट्याला आलेल्या ७५ कोटींपैकी २० कोटी आधी दिले होते. उरलेले काश्मीरच्या लढाईमुळे अडवले गेले आणि जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या काळात सोडले गेले. एकमेकांवरचा विश्वास उडाला होता. सामायिक बँकेची मुदत तीन महिन्यांनी अलीकडे आणली गेली आणि १ जुलैला कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. तिच्याकडे तरी द्यायला काय होतं? नाशिकच्याच नोटा! लंडनच्या डे ला रू कंपनीनं छापलेल्या पाच, दहा आणि शंभरच्या नोटा चलनात आल्या १ ऑक्टोबरला. ‘त्या सुंदर नोटा का जमवत नाही?’ असं तुम्ही विचारता. जमवतो की. पण नव्या राष्ट्राला कसं दिसायचं होतं ते त्या दाखवतात. त्याच्या हाताशी त्या क्षणी काय होतं, ते मला एप्रिलच्या नोटेत दिसतं आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

फाळणीच्या जखमांबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याचा मी मनापासून आदर करतो. पण माणसं मारली जात असतानाच काही माणसं कचेऱ्यांत बसून देणी-घेणी वाटत होती, शेजाऱ्याला पगार वाटायला नोटा मिळतील याची तजवीज करत होती. नाशिक रोडच्या कामगारांनी दुसऱ्या देशाच्या नोटा छापून दिल्या. हेही त्याच वर्षात घडलं आणि ते विसरलं जाऊ नये असं मला कळकळीनं वाटतं.

खोट्या मालाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. साधी जॉर्जची नोट घ्यायची आणि वर दोन ओळी उठवायच्या, हा धंदा चालतो. १९७१-७२ मधल्या ‘बांगलादेश’ असा रबरी शिक्का मारलेल्या पाकिस्तानी नोटा मी याच कारणानं घेत नाही. तो शिक्का काल मारला की तेव्हा, हे खात्रीनं सांगणं जवळपास अशक्य. १९४८ च्या नोटेत तपासायला जागा आहे. तुमच्या दहाच्या नोटेवर सही देशमुखांचीच हवी. आधीचे गव्हर्नर टेलर १९४३ मध्ये वारले, त्यांच्या सहीच्या नोटेवर या ओळी दिसल्या तर ती बाजूला ठेवा. मग भिंग घेऊन जिथे घडी अक्षरांवरून जाते ती जागा बघा. खऱ्या नोटेत आधी छपाई आणि मग घडी, त्यामुळे घडीवर शाई झिजून तुटलेली असते. मागाहून उठवलेल्या ओळीत शाई घडीच्या भेगेत उतरलेली दिसते. अनुक्रमांकाची सुरुवातीची अक्षरं जाणत्या संग्राहकाकडून पडताळून घ्या. नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, लॅमिनेट तर मुळीच नको.

आणि घरात कुणाला आठवत असेल तर विचारा, आजोबा कराचीहून कधी निघाले? नोट खरी असेल तर ती एप्रिल १९४८ पूर्वी कुणाच्याही खिशात असू शकत नाही. म्हणजे एक तर ते तोवर तिथे होते, नाही तर मागाहून आलेल्या कुणी ती त्यांना दिली. इथे ती दुकानात चालली नसती, म्हणूनच बहुधा खर्च न होता उरली. विकायची की ठेवायची हे तुमचं तुम्ही ठरवा, पण त्याआधी दोन्ही बाजूंचा नीट उजेडात काढलेला फोटो पाठवलात तर मी पाहून सांगेन.