प्रतिक्रियेला उत्तर: साडेबासष्टचे त्रेसष्ट

भाऊ, सी भाषेतला जुना कोड फेकू नका, पायथॉनला जोडून वापरा, हा माझा लेख एवढा सविस्तर झोडपलात म्हणजे शेवटपर्यंत वाचलात, हे तरी नक्की. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुना सी कोड पायथॉनला जोडणं ही ठिगळबाजी आहे, सगळं एकाच भाषेत नव्यानं लिहायला आठ दिवस पुरे, आणि जुन्या कोडवर विसंबलं की एरियान-5 रॉकेटसारखी गत होते.

आठ दिवस कसले, माझं चार दिवसांत झालं होतं! नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्याचं, जुन्या डॉसवरचं पट्टीचं, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीचं, सॉफ्टवेअर. हमाली, तोलाई कापून संत्रेवाल्याच्या हाती पट्टी द्यायची, बस. नवा प्रोग्राम लिहिला, जुन्या पट्ट्या त्यातून पुन्हा काढल्या, तर काहींत रुपयाचा फरक. हमाली 62.50 आली की जुना कोड त्यात अर्धा मिळवून पुढचं छाटायचा, म्हणजे 63. पायथॉनचं राउंड, म्हणजे आकडा पूर्ण करणारं फंक्शन, नेमक्या अर्ध्यावर सम आकड्याकडे वळतं, म्हणजे 62. आणि 63.50 ला दोघंही 64 म्हणतात, म्हणून पहिल्या दिवशी काही लक्षातच आलं नाही. हे एक सापडलं. न सापडलेली किती? मूळ लिहिणारा कधीच गाव सोडून गेलेला, टिपण एक नाही. शेवटी जुन्या कोडची हिशेबाची फाइल तशीच डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामला वापरता येणारी लायब्ररी) म्हणून बांधली आणि पायथॉनच्या सीटाइप्स मॉड्यूलमधून बोलावली. स्क्रीन आणि छपाई तेवढी नवी.

बाकी ‘एकच भाषा’ तुमच्याकडे तरी कुठे आहे? नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीत समीकरणं सोडवता तेव्हा आत लापॅक या गणिती संग्रहाची रूटीन्स चालतात. ती 1992 मध्ये आली, मूळ फोर्ट्रानमध्ये.

एरियानचं मात्र लागलं मला. 4 जून 1996 ला ते रॉकेट उडाल्यावर चाळीसेक सेकंदांत गेलं. एरियान-4 चा कोड त्यात तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यावरून निघालेला आकडा 16 बिटांच्या पूर्णांकात मावला नाही. वर तो हिशेब उड्डाणानंतर एरियान-5 ला लागतच नव्हता. म्हणजे कोड जुन्या घरी ठीक होता, घर बदललं ते कोणी तपासलं नाही.

माझंही तेच झालं, आणि लेखात मी ते गाळलं ही चूक कबूल. डॉसच्या टर्बो सी कंपायलरमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक, दोन बाइटचा, आजच्या कंपायलरात चार बाइटचा. जुनी डेटा फाइल उघडली तर रकाने सरकून दराच्या जागी भलतेच आकडे! फाइलमधली नोंद मांडणाऱ्या स्ट्रक्चरमधले सगळे इंट हातानं 16 बिटांचे केले, मधली रिकामी जागा पॅकिंग लावून काढली, तेव्हा फाइल धड वाचली गेली.

मोबाइलचं विचारलंत. अँड्रॉइडवर हिशेबाची तीच फाइल एनडीकेनं (अँड्रॉइडसाठी सी कोड बांधायचं साधन) बांधली आहे, जावातून जेएनआय या जोडणीमार्गे बोलावतो. तिथे 62.50 ची चाचणी अजून लावलेली नाही. अंबिया बहराच्या संत्र्यांचा माल सुरू व्हायच्या आत लावतो.