म्हणे हिप-हॉप नाचाचं नाही!

पुन्हा तेच. डान्स म्युझिकचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगणारच, "हिप-हॉप त्यात धरू नका, ते ऐकायचं संगीत." डोकं फिरतं माझं. हाऊस, टेक्नो असलं इलेक्ट्रॉनिक संगीत तेवढं नाचाचं आणि हिप-हॉप काय खुर्चीत बसून ऐकायचं?

अहो, ते जन्मलंच नाचणाऱ्यांसाठी! ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कमधलं ब्राँक्स, सेजविक अव्हेन्यूवरच्या इमारतीतली पार्टी. डीजे कूल हर्कने एक गोष्ट हेरली होती: गाणं मधेच थांबून नुसता ड्रमचा ठेका उरतो, तेव्हाच पोरं अंगात आल्यासारखी नाचतात. पण तो तुकडा, म्हणजे 'ब्रेक', असायचा जेमतेम काही सेकंदांचा. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. नाच थांबू नये म्हणून हा सगळा खटाटोप! त्या ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय, बी-गर्ल. माइकवाला, म्हणजे आजचा रॅपर, तर सुरुवातीला गर्दीला चेतवायलाच असायचा.

वेग कमी म्हणून नाचाचं नाही, हा तर कहर. ठेका संथ असला की मान, खांदे, गुडघे जास्त बोलतात, कधी करून बघा. निवांत बसून शब्द न् शब्द ऐकावा असं हिप-हॉपही आहेच, मला ते जीव की प्राण. पण म्हणून अख्ख्या संगीताला नाचातून हाकलायचं? २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ब्रेकिंगची, म्हणजे याच बी-बॉय, बी-गर्लच्या नाचाची, पदकं दिली गेली, ती काय भजनावर नाचून?